दिघोरीचा वन्समोर

दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवशी, भर दुपारी, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत एका नामवंत शास्त्रीय गायिकेचं गाणं मध्येच थांबलं. गायिका हात जोडून उठल्या, गाडीत बसल्या आणि नागपूरला निघून गेल्या. या गोष्टीला तीन वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर मथळा होता : ‘ग्रामीण श्रोत्यांची हुल्लडबाजी, ज्येष्ठ गायिकेने कार्यक्रम सोडला’. खाली छायाचित्र होतं. सत्तरी ओलांडलेली एक बाई, हात वर, तोंड उघडं. छायाचित्राखालची ओळ : ‘कार्यक्रमात गोंधळ घालणारी महिला’.

ही महिला आमच्या भंडाऱ्याच्या कार्यालयाच्या घरमालकांची थोरली बहीण होती. छापणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर छापलं नसतं, असंही म्हणता येत नाही.

घरमालकांना आम्ही नुसतं ‘मालक’ म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी वरठीच्या पोलाद कारखान्यात, प्रयोगशाळेत झाली. पोलादाचा तुकडा यंत्रात धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा, किती ताणाला तुटला ते लिहायचं. भंडाऱ्याहून मोटरसायकलने जाणं-येणं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचा खालचा भाग आम्हाला भाड्याने दिला आणि वरच्या खोलीत लोकांना गाणी ऐकवायला सुरुवात केली. महिन्यातला एक रविवार, सतरंजी, दोन मोठे स्पीकर, नावाजलेल्या गवयांची ध्वनिमुद्रणं. प्रवेश मोफत होता. बाहेर पडणं मात्र सोपं नव्हतं.

मालक जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचे.

“कसं वाटलं?”

“अप्रतिम.”

“काय अप्रतिम?”

“म्हणजे, सगळंच.”

“सगळंच अप्रतिम होतं, त तुमी घड्याळ काहून पाहून राह्यले होते?”

एका वकिलांना त्यांनी असं बराच वेळ अडवून धरलं. मागे रांग लागली. वकिलांनी शेवटी तबला आवडला असं सांगून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. त्या ध्वनिमुद्रणात तबला नव्हता, नुसता आलाप होता. त्यानंतर वकील आले नाहीत. उलट, बाजारातला एक किराणा दुकानदार सरळ म्हणाला, “मालक, मले झोप आली.”

“कुठं आली?”

“ते हळूहळू चाललं होतं ना, तवा.”

“मंग ठीक हाय. बसा, चहा येऊन राह्यला.”

ज्याला आवडलं नाही आणि ज्याने तसं सांगितलं, त्याला चहा. ज्याला आवडलं आणि कारण सांगता आलं, त्यालाही चहा, पण नंतर. ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याला पाणीसुद्धा नाही. एकदा शहरातल्या एका मंडळाने ‘रसिकाग्रणी’ म्हणून त्यांचा सत्कार केला. मालकांनी व्यासपीठावरच विचारलं की, तुमच्यापैकी किती जण माझ्याकडे गाणं ऐकायला आले आहेत. कोणीच आलं नव्हतं. त्यांनी शाल घडी करून अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली आणि पायी घरी आले.

त्यांचा राग दोन प्रकारच्या माणसांवर होता. न आवडलेल्याला आवडलं म्हणणारे हे पहिले. दुसरे त्याहून वाईट : ज्याला आवडलं नाही त्याला ‘तुला समजत नाही’ असं सांगणारे. या दुसऱ्या प्रकारात एक निवृत्त प्राध्यापक होते. किराणा दुकानदाराची झोप ऐकून ते म्हणाले, “त्याला कान तयार व्हावा लागतो.”

“तयार म्हंजे?” मालकांनी विचारलं. “लोणचं हाय का कान? बरणीत घालून ठेवू त्याले?”

“अहो, देशाने ज्यांना मानलं आहे, सन्मान दिले आहेत—”

“सर, म्या आयुष्यभर सर्टिफिकेटंच लिहिली. लोखंडाले सर्टिफिकेट भेटलं, का ते सगळ्याइच्या घराले चालते. तुमच्या घराचा स्लॅब टिकते अन् माह्या घराचा पडते, असं होत नाही. गाण्याचं तसं नाही. तेच गाणं तुमच्या घरी टिकते अन् ह्याच्या घरी पडते. त्यात गाण्याची चूक नाही, ह्याची बी नाही. तुमची हाय, तुमी ह्याले लाजवून राह्यले.”

दुकानदार चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही.

आता त्या गायिकेबद्दल. मालकांना ती गायिका आवडत नव्हती. हे वाक्य जेवढं साधं दिसतं तेवढं नाही. ज्यांच्या मताला ते मान देत, असे सगळे लोक त्या गायिकेला थोर म्हणत होते, आणि मालकांना त्यांच्या गाण्याने काहीच होत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी सोडून दिली नाही. दर रविवारी सकाळी ते वर एकटे बसून गायिकेचं एक ध्वनिमुद्रण लावायचे. आम्ही खाली बातम्या लिहीत असायचो. छतातून ते यायचं. मग बटण बंद केल्याचा आवाज, मग जिन्यावर चप्पल.

“आज?” आमच्यापैकी कोणी विचारायचं.

“आज बी नाही.”

अशी कित्येक वर्षं गेली. आमच्या कार्यालयातले लोक बदलले, नवे आले, त्यांनीही ‘आज?’ विचारायची पद्धत उचलली. उत्तर बदललं नाही. चिडून मालक कधी म्हणायचे, “खोट काढता येत नाही न तिच्यात. सूर पक्का, ताल पक्का, दम पक्का. मंग मले काहून काही होत नाही? मी काय दगड हाय?”

त्यांनी यावर एक उपपत्ती तयार केली होती. त्यांचे वडील दिघोरीच्या बुद्धविहारात भजनं म्हणायचे. पेटी, ढोलकी, खंजिरी. “माह्या बापाचा आवाज वर गेला का फाटे. फाटला का बाया डोळे पुसत. मले वाटे, गाणं म्हंजे आवाज फाटणं. ह्या बाईचा आवाज फाटतच नाही. म्हणून माह्या आत जात नाही.” माणूस लहानपणी जे ऐकतो त्याच मापाने पुढचं सगळं मोजतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे ते आम्हाला इतक्यांदा सांगत की आम्हाला ते पटलं होतं.

नागपूरच्या एका सांस्कृतिक संस्थेने शास्त्रीय संगीत खेड्यांत नेण्याची योजना काढली आणि त्या गायिकेचं नाव जाहीर झालं, तेव्हा मालकांनी संस्थेला दिघोरी सुचवली, तीही मंडईच्या दिवशी. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दुपारी दंडार होते : पुरुषच बायकांची कामं करतात, नाचतात, गातात. दंडारीच्या आधीची वेळ गायिकेला द्यायची, असं ठरलं. आपलं गाव का सुचवलं, हे मालकांनी मला मोटरसायकलवर मागे बसवून नेताना सांगितलं.

“भंडाऱ्यात लोकं तोंड पाहून बोलतात. तिथं कोणाच्या तोंडाले कुलूप नाही. अन् मले तिले समोरून ऐकाचं हाय. मशीनमधून येत नसंल, समोरून येईल.”

शाळेच्या मैदानात मांडव होता. संस्थेच्या सचिवांनी गायिकेला मिळालेले सन्मान वाचून दाखवले. ते वाचन लांबलं. दंडारीचे लोक लुगडी नेसून, तोंडाला रंग लावून मांडवाच्या कडेला उभे होते. गायिकेने तंबोरे जुळवले, डोळे मिटले आणि भीमपलास सुरू केला, अगदी संथ. मी अक्कांच्या मागे बसलो होतो. अक्का म्हणजे मालकांची बहीण : सातवी शिकलेल्या, अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, घरी धानाची शेती. त्यांच्या शेजारणीने विचारलं, “इचं गाणं सुरू कवा होते वो?”

“सुरूच हाय.”

“मंग मघापासून हे काय करून राह्यली?”

“चूप बस. आयक.”

शेजारीण थोड्या वेळाने जिलेबीच्या दुकानाकडे गेली. आणखी काही लोक उठले. पण बहुतेक बसून राहिले. गायिका एका जागी वर चढत गेल्या. सगळ्यात वरचा सूर आता लागेल असं वाटत होतं, तो त्यांनी लावला नाही; त्याच्या अलीकडे थांबल्या आणि अलगद खाली आल्या. मांडव गप्प झाला. मग अक्कांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “वन्समोर!”

ज्यांनी झाडीपट्टीतलं नाटक पाहिलं आहे, त्यांना हे समजवायची गरज नाही. इतरांसाठी लिहितो. आमच्या भागात गाणं आवडलं की वन्समोर देतात, आणि वन्समोर दिला की ते गाणं पुन्हा म्हणतात. नायकाला फाशी द्यायला आलेला जल्लाद दोर हातात धरून थांबतो, नायक तेच पद पुन्हा म्हणतो, मग फाशी होते. म्हटलं नाही तर लोक नाटक पुढे जाऊ देत नाहीत. ऐकणाऱ्याकडे कौतुक करायची यापेक्षा मोठी रीत नाही. दंडारीतही तेच.

गायिकेने डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुढे गेल्या. लोकांना वाटलं, ऐकू गेलं नाही. मग वीस-पंचवीस जणांनी मागितला. मग सगळ्यांनी, टाळ्यांच्या ठेक्यात. संस्थेच्या एका माणसाने मोबाइल वर धरून चित्रीकरण सुरू केलं. गायिकेने हात खाली घेतला. तबला थांबला. माइकवर त्या शांतपणे म्हणाल्या, “आपल्याला ऐकायचं नसेल, तर मी थांबते.”

आणि उठल्या.

मांडवातलं कोणी हललं नाही. गायिका पाणी प्यायला गेल्या आहेत, येऊन ती जागा पुन्हा म्हणतील, अशी सगळ्यांची समजूत होती. दंडारीच्या प्रमुखाला विचारलं तर तो म्हणाला, “बाईचा वन्समोर बाकी हाय ना. तो होऊ द्या.” लोक बसून राहिले. जिलेबीच्या दुकानाकडे गेलेलेसुद्धा परत येऊन बसले. संस्थेचे लोक तंबोरे गवसणीत घालायला लागले तेव्हा गाडी कधीच निघून गेली आहे, हे कळलं. दंडार त्या दिवशी बरीच उशिरा उभी राहिली.

मालक पहिल्या रांगेत होते. दोन्हीकडच्या रीती माहीत असलेला आणि ज्याचं दोन्हीकडे ऐकलं गेलं असतं असा त्या मांडवात तोच एक माणूस होता. ते उठून लोकांना सांगू शकले असते, गायिकेला सांगू शकले असते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मी तिकडे पाहतच नव्हतो. मी माह्याच कानाकडे ध्यान देऊन होतो. आज तरी होते का काही, ते पाहून राह्यलो होतो.”

“झालं?”

“आज बी नाही.”

संध्याकाळी अक्कांच्या ओसरीवर चहा झाला. मालकांनी बहिणीची उलटतपासणी घेतली.

“अक्का, खरं सांग. तुले आवडलं, का सगळे बसले म्हणून तू बसली?”

“आवडलं. नाही त कायले वन्समोर मागू?”

“काय आवडलं?”

“आता काय सांगू बाबू. ते वर नेऊन सोडून देल्लं न तिनं. मले वाटलं, पुन्हा पाहाव, कसं सोडते.”

“आवाज फाटला नाही तिचा.”

“नाही फाटला. मंग?”

“बाबाचा फाटे.”

“बाबाचं बाबाजवळ. मले ते बी आवडे, हे बी आवडलं.”

आत बसलेल्या शेजारणीने आपलं डोकं दुखल्याचं सांगितलं. मालकांनी तिला दुसरा चहा द्यायला लावला. परत येताना, भंडाऱ्याजवळचा नदीवरचा पूल लागला तेव्हा मालक म्हणाले, “एकाच बापाचं भजन आयकून वाढलो दोघं. तिले आवडली, मले नाही. माही थेअरी गेली कारध्याच्या पुलाखालून.”

मी मैदानावरूनच बातमी पाठवली होती. श्रोत्यांनी वन्समोर मागितला, गायिकेचा गैरसमज झाला, कार्यक्रम थांबला, श्रोते वाट पाहत बसून राहिले. ती वापरली गेली नाही. मुख्य कार्यालयातल्या संपादकीय विभागाने संस्थेचं प्रसिद्धिपत्रक आणि त्यांनीच दिलेलं छायाचित्र वापरलं. सकाळी मालक अंक हातात घेऊन खाली आले. त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला आणि छायाचित्रावर बोट ठेवलं.

“तुमच्या पेपरात चुकीची दुरुस्ती छापतात न? छापा.”

मी संपादकांना फोन लावून दिला. फोन स्पीकरवर होता.

“गाणं थांबलं, हे खरं आहे ना?” संपादक म्हणाले.

“खरं.”

“लोक ओरडत होते?”

“खरं.”

“त्या बाई हात वर करून ओरडत होत्या?”

“हो.”

“मग चूक काय छापली आम्ही?”

“तिले आवडलं होतं, साहेब.”

“ते तुमचं मत झालं. दुरुस्ती तथ्याची होते.”

मालकांनी पुढची काही मिनिटं जे सांगितलं ते शांत आवाजात सांगितलं. भंडाऱ्यात ‘अप्रतिम’ म्हणून घड्याळ बघणारे लोक यांच्या पेपरात रसिक असतात. जिला खरंच आवडलं, जी पुन्हा म्हणा म्हणाली, ती हुल्लडबाज. ती नागपूरच्या सभागृहात असती आणि तिने ‘वाह’ म्हटलं असतं तर तिचं छायाचित्र ‘तल्लीन श्रोत्या’ म्हणून आलं असतं. संपादकांनी विचार करतो म्हणून फोन ठेवला. मी दुरुस्तीचा मजकूर दोनदा पाठवला. छापला गेला नाही.

तोवर ते चित्रीकरण सगळीकडे पोचलं होतं. लाखांदूरच्या आठवडी बाजारात पानठेल्यावरची माणसं अक्का दिसल्या की ओरडायची, “अक्का, वन्समोर!” विहारात रविवारच्या वंदनेनंतर त्या पुढे होऊन गाणं म्हणायच्या, तिथेही कोणी तरी हसलं. सुनेच्या माहेरून फोन आला की तुमच्या सासूबाईंनी हे काय केलं. अक्का आधी हसण्यावारी न्यायच्या. पुढे त्यांनी बाजाराला जाणं सोडलं. भाजी नातू आणायला लागला.

काही महिन्यांनी नागपुरात त्या गायिकेची मैफल होती. मालक अक्कांना घेऊन गेले. जाताना बजावलं की आत काही बोलायचं नाही. अक्का पूर्ण वेळ पदर तोंडावर धरून बसल्या. मैफल संपल्यावर मालकांनी मागे जाऊन गायिकेची भेट मागितली आणि ती मिळाली. मीही होतो. गायिका सौजन्याने वागल्या, हे नोंदवलं पाहिजे. मालकांनी वन्समोरची रीत सांगितली. गायिका म्हणाल्या, “आई, ते तसंच पुन्हा म्हणता येत नाही हो. ते त्या वेळचं असतं.”

“मंग तसं सांगाचं होतं,” अक्का म्हणाल्या. “आमी बसून होतो.”

“कुठे?”

“तिथंच. तुमी पाणी पिऊन येता म्हणून.”

गायिकेने अक्कांचे हात हातात घेतले. अक्कांनी ते बराच वेळ तसेच राहू दिले.

पुढे एका मोठ्या वाहिनीवर गायिकेची मुलाखत झाली. त्यात त्यांनी हा प्रसंग सांगितला. एका दुर्गम जंगलातल्या पाड्यावर एका निरक्षर आजीने मला संगीत शिकवलं, असं त्या म्हणाल्या. समोरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दिघोरीचं नाव आलं नाही. पेपरातल्या बातमीचा उल्लेख आला नाही. आमच्या वृत्तपत्राने त्या मुलाखतीवर कौतुकाचा मजकूर छापला. ‘ती’ आजी आणि छायाचित्रातली महिला एकच, हे त्यात नव्हतं.

मालक त्या सकाळी खाली आले ते अंक न आणता.

“आधी हुल्लडबाज केली. आता देवी केली,” ते म्हणाले. “सातवी शिकलेल्या बाईले निरक्षर करून टाकलं. अरे, तिले एक गाणं आवडलं. एवढंच झालं. एवढंच लिहाले तुमच्याकडे एक ओळ नाही?”

ते दारापर्यंत गेले आणि वळले.

“दुरुस्ती छापा, नाही त जागा खाली करा.”

मी हे वर कळवलं. व्यवस्थापनाने हिशेब करून जागा सोडायचं ठरवलं. आमचं कार्यालय आता बसस्थानकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर आहे. मालकांच्या खालच्या खोल्या रिकाम्या आहेत. वरची श्रवणसभा चालू आहे. किराणा दुकानदार अजून जातो आणि अजून झोपतो. रविवारचं ते ध्वनिमुद्रण मालक अजून लावतात की नाही, हे आता खालून ऐकणारं कोणी नसल्याने सांगता येत नाही. मूळ बातमी, मथळा आणि छायाचित्र आमच्या संकेतस्थळावर आहे तसं आहे.

नागपूरच्या त्या संस्थेने दिघोरीत पुन्हा कार्यक्रम केला नाही. मंडई दरवर्षी होते. यंदा मी गेलो. मालक आणि अक्का पहिल्या रांगेत, सतरंजीवर होते. दंडार दुपारी उभी राहिली. पहिल्या गाण्यानंतर मालकांनी बहिणीकडे पाहिलं, त्या हात वर करतात का म्हणून थोडं थांबले, मग स्वतःच हात वर करून वन्समोर मागितला. दंडारवाल्यांनी गाणं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या गाण्याला तसंच झालं. तिसऱ्यालाही. तिन्ही गाणी आपल्याला आवडली नव्हती, हे मालकांनी मला नंतर चहाच्या दुकानात कारणांसह सांगितलं.

अक्का टाळ्या वाजवत होत्या. दंडार संपेपर्यंत त्यांनी वन्समोर मागितला नाही.